रेशनचा तांदूळ उरतो, गहू पुरत नाही; पाच माणसांचा महिना कसा बसवायचा?

पायलीभर:
प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आहे, घरात पाच माणसं. महिन्याला १५ किलो तांदूळ आणि १० किलो गहू मिळतो. गहू विसाव्या दिवशीच संपतो, तांदूळ पडून राहतो आणि त्याला सोंडे लागतात. पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात. तांदळात काही पिवळट दाणे असतात, धुताना वर तरंगतात. शेजारी म्हणतात प्लास्टिक आहे. वेचून टाकावेत का? डाळ-तेलावर फार खर्च झेपत नाही.

जात्यावर:
ते दाणे टाकू नका! प्लास्टिक नाही, फोर्टिफाइड तांदूळ आहे तो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून यंत्रातून दाणे पाडतात आणि साध्या तांदळात १०० किलोला १ किलो मिसळतात. हलके असल्यामुळे तरंगतात, एवढंच. धुताना पाणी सरळ ओतलं की नेमके तेच वाहून जातात, म्हणून गाळणी धरा. तांदूळ चोळू नका, दोन पाण्यांत धुऊन होतो. पेज काढून मोरीत ओतायची सवय असेल तर ती मोडा. भात बेताच्या पाण्यात शिजवा, नाहीतर पेज मीठ घालून प्यायला घ्या. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आजारांचं कुणी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

भाकरतुकडा:
आधी हिशोब बघा. १० किलो गहू म्हणजे दिवसाला ३३० ग्रॅम, एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर अकरा पोळ्या. म्हणजे माणशी दोनच. दोन्ही वेळा पोळी केली तर गहू महिनाभर पुरणारच नाही. तांदूळ मात्र रोज अर्धा किलो आहे. एका वेळी पोळी आणि दुसऱ्या वेळी तांदळाची भाकरी, असं धरा. पाव किलो पिठात पाच भाकरी होतात, उरलेल्या पाव किलोचा भात.

पिठासाठी तांदूळ धुऊन सावलीत कापडावर पूर्ण वाळवा. दमट राहिला तर पीठ आंबूस होतं. गिरणीत तांदळावरच दळायला सांगा आणि पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा, पुढे पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते.

पोळ्या वातड होतात त्या घट्ट कणकेमुळे. दळण जाडसर असेल तर ते पाणी सावकाश ओढून घेतं; मळताना सैल वाटलेली कणीक लाटताना घट्ट झालेली असते. कोमट पाण्यात नेहमीपेक्षा सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, मग तेलाचा हात लावून तिंबा. तवा चांगला तापलेला हवा, मंद आचेवर पोळी भाजण्याऐवजी वाळते. कोंडा चाळून टाकू नका. १० किलो गव्हात १ किलो सोयाबीन हलकं भाजून दळा. न भाजता दळलं तर उग्र वास येतो, जास्त घातलं तर पोळी लाटताना तुटते.

पायलीभर:
तांदळाची भाकरी थापताना कडा चिरतात. उकड काढूनसुद्धा.

भाकरतुकडा:
उकड कच्ची राहत असणार. वाटीभर पाणी मिठासकट खळखळून उकळू द्या, आच बारीक करून वाटीभर पीठ घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाका. दोन मिनिटांनी गॅस बंद करा, पण झाकण आणखी दहा मिनिटं काढू नका. मग परातीत घेऊन, गरम आहे तोवरच, पाण्याचा हात लावत मळा. गार झालेल्या उकडीच्या गुठळ्या मोडत नाहीत आणि कडा तिथेच फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पुरतं वाळायच्या आत भाकरी उलटा. उशीर झाला तर भेगा पडतात, मग फुगत नाही.

कोठीघर:
सोंडे लागले म्हणून तांदूळ कडक उन्हात घालू नका, दाणा तडकून कणी होते. चाळून सावलीत पातळ पसरा, किडे आपोआप बाहेर पडतात. डबा धुऊन खडखडीत वाळवा, तांदूळ भरून वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. बोरिक पावडर चोळायची जुनी रीत आहे, पण लहान मुलांच्या घरात तरी ती नकोच. गव्हाला मात्र दोन दिवस ऊन द्या आणि रात्रभर गार झाल्यावरच भरा. गरम गहू डब्यात घाम धरतो.

नुसत्या भात-पोळीवर मुलांचं भागत नाही. तीन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ घालून खिचडी करा. मटकीला मोड आणले की ती भांड्यात दुपटीहून जास्त भरते, एका वाटीत पाच जणांची उसळ होते. कुळथाचं पिठलं तर भाकरीबरोबर फार छान: पाऊण वाटी पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवा, मग लसणाच्या फोडणीवर उकळत असलेल्या पाच वाट्या पाण्यात ओता. कोरडं पीठ थेट घातलं तर गोळे होतात.

जात्यावर:
आंबोळी राहिलीच. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथ्या. डाळ वेगळी भिजवा. सहा तासांनी वाटून रात्रभर आंबवा. थंडीत पीठ वर येत नसेल तर पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवा. सोडा घालू नका, आंबोळीला जाळी पडते पण चव जाते.