न्यूझीलंडचं दक्षिण बेट कॅम्परव्हॅनने: मार्ग, गाडी आणि चालण्याच्या वाटांबद्दल सल्ला हवा

रानवाट:
मार्चमध्ये १२ रात्री हाताशी आहेत. आम्ही दोघं, ८ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालतात. क्राइस्टचर्चला गाडी घेऊन तिथेच परत द्यायची आहे. टेकापो, माउंट कुक, मिलफर्ड साउंड, हिमनद्या, आर्थर्स पास एवढं बसेल का? मुक्काम शक्यतो निसर्गातल्या साध्या कॅम्पवर हवा.

दक्षिणायन:
बसेल. मार्च उत्तम, जानेवारीची गर्दी ओसरलेली असते. वाटणी अशी करा: टेकापो १, माउंट कुक २, वानाका १, ‘ते आनाऊ’ गाव १, मिलफर्ड रस्ता २, परतीत वानाका १, फॉक्स ग्लेशियर २, होकिटिका १, आर्थर्स पास १. वेगमर्यादा १०० असली तरी वळणं आणि एकपदरी पुलांमुळे मोठी गाडी सरासरी ६०-७० नेच जाते. म्हणून शक्यतो दिवसाला २००-२५० किमीच्या वर जाऊ नका. वानाकाहून ते आनाऊला जाताना क्राउन रेंजचा घाट टाळून क्रॉमवेलवरून जा.

गाडी सहा जणांचीच घ्या. चार जणांच्या गाडीत बहुधा एक पलंग चालकाच्या डोक्यावर असतो आणि तिथे शिडीने चढावं लागतं. सासूबाईंना ते जमणार नाही.

पाणवठा:
मुक्काम ठरवताना टाक्यांचा हिशोब आधी करा, प्रेक्षणीय स्थळं नंतर. संडासाची कॅसेट (खालची काढता येणारी टाकी) साधारण १८-२० लिटरची असते. चौघांत ती दोन दिवसांत भरते, आणि ती भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबलात तर काढताना सांडते. त्यामुळे रोज किंवा दिवसाआड डंप स्टेशनवर (सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी) रिकामी करा. मग थोडं पाणी घालून हलवून धुवा, पुन्हा रिकामी करा, रसायन आणि दोनेक लिटर पाणी टाकून बसवा. भांड्यांचं पाणीही तिथेच सोडायचं, रस्त्याकडेला कधीही नाही. गाडीवर सेल्फ-कंटेन्ड (संडास आणि सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं) प्रमाणपत्र आहे ना, हे घेतानाच बघा. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी पक्का बसवलेला संडास लागतो, तात्पुरता डबा चालत नाही.

गाडीच्या राहत्या भागाच्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज चालतो. मायक्रोवेव्ह, किटली आणि भिंतीतले सॉकेट मात्र पॉवर्ड साइटवर (विजेची जोडणी असलेल्या जागेवर) केबल जोडल्यावरच. दोन रात्री साध्या कॅम्पवर, तिसरी पॉवर्ड साइटवर असा क्रम ठेवा. शेगडी गॅसवर चालते. शेगडी पेटल्यावर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, लगेच सोडलं तर सुरक्षा झडप गॅस बंद करते. गाडी निघण्याआधी सिलिंडरची झडप बंद.

आणखी एक: पिण्याच्या पाण्याचं आणि डिझेलचं झाकण बाहेरून सारखीच दिसतात. टाकीत भलतंच गेलं तर विमा बहुधा भरपाई देत नाही. पाईप लावण्याआधी झाकणावरची अक्षरं मोठ्याने वाचा.

दक्षिणायन:
चालण्याबद्दल राहिलं. माउंट कुकला हूकर व्हॅली: जाऊन-येऊन १० किमी, सुमारे ३ तास, चढ जवळजवळ नाही. सासूबाई पहिल्या पुलापर्यंत येतील. २०२५ मध्ये दुसऱ्या पुलाच्या कामासाठी वरचा भाग बंद केला होता, तेव्हा निघण्याआधी डॉकच्या (तिथल्या संवर्धन खात्याच्या) संकेतस्थळावर स्थिती बघा. व्हाइट हॉर्स हिल कॅम्प वाटेच्या तोंडाशीच आहे.

मिलफर्ड रस्त्यावर मिरर लेक्स (१० मिनिटं) आणि लेक गनचं जंगल (४५ मिनिटं, सपाट) सगळ्यांसाठी. ‘डिव्हाइड’ या थांब्याहून ‘की समिट’ या माथ्यापर्यंतचं चालणं जाऊन-येऊन तीन तासांचं, जवळपास ४०० मीटर चढाचं. ते तुम्ही आणि मुलीने करा. फॉक्सला लेक मॅथेसन पहाटेच गाठा, वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं. फॉक्सच्या दरीतला रस्ता २०१९ च्या दरडीपासून बंद आहे, म्हणून शेजारची फ्रान्झ जोसेफ हिमनदी बघा.

डोंगरमाथा:
मिलफर्डसाठी ते आनाऊला टाकी पूर्ण भरा; पुढच्या जवळपास १२० किमीत पंपाचा भरवसा धरू नका, मोबाइलच्या रेंजचाही नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या. मिलफर्ड रस्त्यावरच्या कॅस्केड क्रीक कॅम्पला पोचण्याआधी पाणी भरून, कॅसेट रिकामी करून घ्या. होमर बोगद्यानंतर मिलफर्डकडे तीव्र उतार आणि तीक्ष्ण वळणं आहेत. खालच्या गिअरमध्येच उतरा, सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. बोगद्यापाशी किया पोपट वायपरचं रबर उचकटतात; गाडी सोडून लांब जाऊ नका, त्यांना काही खायला देऊ नका. पाऊस आला तरी बेत बदलू नका, मिलफर्डचे धबधबे पावसातच खरे जिवंत होतात.

सँडफ्लाय (बारीक चावऱ्या माश्या) पश्चिम किनाऱ्यावर आणि फिओर्डलंडमध्ये भयंकर चावतात. डीट किंवा पिकारिडिनचं मलम लावा, पूर्ण बाह्या घाला, दार उघडं ठेवू नका.

रानवाट:
खूप उपयोग झाला, मार्ग असाच ठेवते. घरून लाडू, चकली, मेतकूट, लोणचं आणलं तर चालेल?

पाणवठा:
खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशाच्या फॉर्मवर जाहीर करा, मग अधिकारी ठरवतील. लपवलं तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा जागेवर दंड. मध, ताजी फळं आणि मांस आणूच नका. दुधातुपाच्या पदार्थांचं काही सांगता येत नाही, लाडू ठेवून या. चालण्याचे बूट मातीचा कणही न ठेवता ब्रशने धुवा आणि तेही जाहीर करा.