एमएससाठी कण्यात स्टेम सेल: केळीचे पैसे घालू का?

केळीवाला, रावेर तालुका:
नमस्कार मंडळी. बायको ३१ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, एमआरआयमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे मेंदू-कण्यातल्या नसांवरचं आवरण झिजण्याचा आजार निघाला. दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब या अटॅक रोखणाऱ्या औषधाचं सलाईन चालू आहे, नवा अटॅक नाही. पण या मे महिन्यात उजवा पाय ओढायला लागली, पाणी भरताना दोनदा पडली. मेहुण्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ दाखवला. पाठीच्या कण्यात स्टेम सेलची (मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं, साडेपाच लाख. त्यातली बाई मेमध्ये काठी घेऊन, ऑगस्टमध्ये बिनकाठीची. सेंटरवाले म्हणतात, आधीचं सलाईन बंद करा. माल नुकताच कापला, पैसे हातात आहेत. सासरे म्हणतात, पोरीसाठी एवढं नाही करणार का? काय करू?

भुसावळचा काका:
भाऊ, आधी हे सांग, ती पडली तेव्हा वाजले किती होते?

मला २००७ पासून एमएस आहे. भुसावळात पारा ४५ ला टेकला की दुपारी माझा डावा पाय लाकूड होतो. कूलरपुढं तासभर बसलो की परत माझा होतो. नसांवरचं आवरण आधीच झिजलेलं, अंग तापलं की त्यातून संदेश पुढं सरकत नाही. हा नवा अटॅक नव्हे. मृगाचा पाऊस पडला की मी जिना न थांबता चढतो. त्या बाईनं मेमध्ये गूळ-फुटाणे खाल्ले असते तरी ऑगस्टात बरं वाटलं असतं. मात्र गारव्यातही पाय दिवसभर तसाच राहिला तर वाट बघू नको, न्यूरोला फोन कर.

आता माझा शहाणपणा ऐक. इटलीतल्या झांबोनी नावाच्या डॉक्टरनं २००९ मध्ये मांडलं की मानेच्या शिरा अरुंद झाल्यानं एमएस होतो. शिरेत फुगा घालून ती रुंद करायची. २०११ मध्ये मी पीएफमधून चार लाख काढले. परत आलो तेव्हा स्टेशनवर पिशवी मीच उचलली, बायको रडली. दिवाळीपर्यंत पिशवी परत तिच्या हातात. सेंटरला फोन केला तर म्हणे, पुन्हा फुगवू, अर्ध्या दरात! २०१७ मध्ये खुद्द झांबोनीच्याच चाचणीचा निकाल आला. काहींच्या शिरा खरंच फुगवल्या होत्या, काहींचं नुसतं नाटक केलं होतं, आणि फरक काही नाही. माणूस प्रामाणिक निघाला, पण माझे चार लाख गेले ते गेलेच. तरी मी स्वस्तात सुटलो. अमेरिकेत औषधांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएनं २०१२ मध्येच बजावलं होतं की यात मृत्यू, पक्षाघात, स्टेंट (शिरेत बसवलेली जाळी) सरकणं असले प्रकार झालेत.

स्टेम सेलचं एक खरं काम आहे, ते वेगळं. त्यात केमो देऊन प्रतिकारशक्ती पुसतात आणि स्वतःच्याच पेशी परत देतात. वारंवार अटॅक येणाऱ्या ठरावीक रुग्णांनाच, बोनमॅरो युनिट असलेल्या दवाखान्यात. त्यातही जंतुसंसर्गाचा, मूल न होण्याचा धोका आहेच. कण्यातल्या सुईचा त्याच्याशी संबंध नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे असली सुई फक्त मंजूर चाचणीत देता येते, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. सेंटरवाल्यांना सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी नंबर माग.

आणि सलाईन बंद करू नको रे बाबा. अटॅक थांबलेत ते त्याच्यामुळं.

चोपड्याची मेडिकलवाली:
काकांशी सहमत. अजून एक, कोणी 'नसांची पावडर' दिली तर सावध. आमच्याकडं एक आजोबा अशा पुडीनं आठ दिवसांत टणटणीत झाले होते. तोंड सुजलं, साखर चारशेवर गेली, तेव्हा कळलं की पुडीत स्टेरॉइड. असलं स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलं असेल तर एकदम सोडणंही धोक्याचं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करा. व्हिटॅमिन डीचे भरमसाट डोसही नकोत, कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

केळीवाला, रावेर तालुका:
काका, दोन्ही वेळा दुपारचे दोन-अडीच. आमच्याकडं वीज गेली होती.
सेंटरला नंबर मागितला. बाई म्हणाल्या, "दादा, नंबर-बिंबर सोडा, पंधरा तारखेच्या आत आलात तर पन्नास हजार कमी करते." सासऱ्यांना फोन स्पीकरवर ऐकवला. काही बोलले नाहीत. संध्याकाळी इन्व्हर्टरचा भाव विचारून आले.