तुरुंगातल्या आदिवासी स्त्रियांवरचे चित्रपट सुचवा

तापीकाठ

कॉलेजच्या स्त्री-अभ्यास केंद्रात दोन दुपारी चित्रपट दाखवायचे आहेत. विषय आहे जगभरच्या आदिवासी बायका आणि तुरुंग. प्रेक्षक समाजकार्य शिकणारी 40 मुलंमुली, बरीचशी भिल्ल, पावरा, कोकणा घरांतली. इंग्रजी संवाद कानाने पकडणं बहुतेकांना जड जातं. पहिल्या दुपारी अडीच तास मिळतील, दुसऱ्या दुपारी दोन, चर्चा त्यातच. मारहाण आणि झडतीच्या दृश्यांवर पोसलेले तुरुंगपट नकोत. शोधायला गेलं की नेमके तेच वर येतात. काय दाखवावं, कुठून मिळवावं, मराठी सबटायटल करता येतील का?

सांजवात

पहिल्या दुपारी बेक कोल यांचा ‘हिअर आय ॲम’ (2011) लावा. ऑस्ट्रेलियन कथापट, साधारण दीड तासाचा. दिग्दर्शिका स्वतः ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, कॅमेरा वॉरिक थॉर्नटन यांचा. करेन नावाची तरुण आई तुरुंगातून सुटते आणि पोर्ट ॲडलेडमधल्या बायकांच्या निवाऱ्यात येते. तिची लहान मुलगी आजीकडे आहे आणि आजी दार उघडायला तयार नाही. आजीचं काम मार्शिया लँग्टन यांनी केलंय. त्या मुळात ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ॲबोरिजिनल अभ्यासक.

पडद्यावर तुरुंग अगदी थोडा दिसतो, आणि म्हणूनच मी हा पहिला सुचवते. शिक्षा संपल्यावर खरं काय सुरू होतं ते यात आहे: डोक्यावर छप्पर, हाताला काम, मूल सांभाळायला आपण लायक आहोत हे दर वेळी नव्याने सिद्ध करणं. निवाऱ्यातल्या बायकांची आपसातली थट्टा, भांडणं, एकमेकींना सावरणं इतकं जिवंत आहे की ‘बिचाऱ्या आदिवासी बायका’ ही नजर टिकूच शकत नाही.

एक धोका आहे. पार्श्वभूमी माहीत नसली तर वर्ग आजीला खलनायिका ठरवून मोकळा होतो. म्हणून आधी दहा मिनिटं ‘चोरलेल्या पिढ्यां’बद्दल सांगा. ऑस्ट्रेलियात साधारण 1910 ते 1970 या काळात सरकार आणि मिशनऱ्यांनी ॲबोरिजिनल मुलं घरांतून उचलून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवली. त्यावरचा चौकशी अहवाल 1997 मध्ये आला, संसदेत माफी मागितली गेली फेब्रुवारी 2008 मध्ये. मूल हातचं जाण्याची भीती या समाजात कुठून आली हे कळलं की आजीचं बंद दार वेगळं दिसतं.

ओवी_अभंग

‘हिअर आय ॲम’ला अनुमोदन. माहितीपटच हवा असेल तर केल्रिक मार्टिन यांचा ‘प्रिझन साँग्ज’ (2015) बघा. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या बेरिमा तुरुंगातले कैदी कॅमेऱ्यासमोर बोलतात आणि मग आपलीच हकिकत गाऊन सांगतात. गाणी शेली मॉरिस आणि केसी बेनेटो यांनी कैद्यांशी बोलून त्यांच्यासाठी रचली. दारू, घरातली मारहाण, टोळी, गर्दीने फुटणाऱ्या बराकी, सगळं गाण्यातून येतं.

मात्र यात पुरुषही आहेत, बायकांचा भाग काही प्रसंगांपुरता. विषय ‘स्त्रिया’ असा जाहीर करून हा एकटाच लावलात तर वर्गाचा विरस होईल. दुसऱ्या दुपारी त्यातली बायकांची गाणी दाखवून बोलायला बसणं जास्त बरं.

शोधताना नावासोबत दिग्दर्शक आणि साल टाकाच. नुसतं ‘प्रिझन साँग्ज’ टाकलं की अमेरिकन तुरुंगांतल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा ढीग येतो.

हिमरेषा

कॅनडाबद्दल लिहिते, कारण हा विषय तिथे सगळ्यात नीट नोंदवला गेलाय. कॅनडात बायकांपैकी आदिवासी पाच टक्क्यांहून कमी, पण केंद्राच्या ताब्यातल्या स्त्री-कैद्यांमध्ये त्या निम्म्या झाल्याचं तिथल्या तुरुंग-लोकपालांनी 2021 च्या अखेरीस जाहीर केलं. हे फळ्यावर लिहून मगच चित्रपट सुरू करा.

‘पी फोर डब्ल्यू: प्रिझन फॉर विमेन’ (1981), जॅनिस कोल आणि हॉली डेल. किंग्स्टनच्या केंद्रीय स्त्री-तुरुंगात आत जाऊन केलेला माहितीपट. हा तुरुंग 1934 साली सुरू झाला आणि दीर्घकाळ देशभरातल्या मोठ्या शिक्षेच्या बायका तिथे आणल्या जात. पश्चिमेकडच्या प्रेअरीतून (गवताळ मैदानी प्रदेशातून) आलेल्या क्री या आदिवासी समाजातल्या बाईला मुलांची भेट म्हणजे हजारो किलोमीटर. चित्रपट खास आदिवासी बायकांवर नाही, पण ही जागा समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

पुढचं म्हणजे हे: 1990 च्या सरकारी अहवालाने हा तुरुंग बंद करून प्रांतोप्रांती लहान संस्था आणि आदिवासी स्त्रियांसाठी वेगळं ‘हीलिंग लॉज’ (त्यांच्या परंपरांवर आधारलेली, सावरण्यावर भर देणारी तुरुंगसंस्था) उभारायला सांगितलं. एप्रिल 1994 मध्ये पुरुष पथकाने कोठड्यांत शिरून बायकांची कपडे उतरवून झडती घेतली, तिचं चित्रीकरण पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं आणि न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांची चौकशी बसली. सस्कॅचवनमध्ये नेकानीत लोकांच्या भूमीवर ओकिमाव ओह्‌ची लॉज 1995 मध्ये उघडलं. किंग्स्टनचा तुरुंग 2000 साली बंद झाला.

तुम्हाला झडतीची दृश्यं नको आहेत म्हणून सांगते: 1981 च्या या चित्रपटात 1994 चं चित्रीकरण असणं शक्यच नाही. नंतरच्या काही वार्तापटांत मात्र ते सर्रास वापरलंय. किंग्स्टनवरचं 1995 नंतरचं काहीही आधी पूर्ण बघितल्याशिवाय वर्गात लावू नका.

दुसऱ्या दुपारसाठी माझं मत ‘कन्व्हिक्शन’ला (2019). नोव्हा स्कोशियातल्या तुरुंगांत नॅन्स अ‍ॅकरमन, एरिएला पाल्के आणि टेरेसा मॅकिनेस या तिघींनी आतल्या बायकांना सोबत घेऊन केलेला माहितीपट. त्या चित्रं काढतात, लिहितात, आणि तुरुंगाऐवजी काय असायला हवं होतं याचा आराखडा स्वतः मांडतात. समाजकार्याच्या मुलांना हातात धरायला यात काहीतरी मिळतं. सगळ्या बायका आदिवासी नाहीत, हे आधी सांगा. आणि 2010 चा हिलरी स्वँकचा त्याच नावाचा कथापट चुकून आणू नका!

केवडा_77

वाचते आहे. ‘वेंटवर्थ’ या बायकांच्या तुरुंगावरच्या ऑस्ट्रेलियन मालिकेतले निवडक भाग चालतील का? त्यात ॲबोरिजिनल पात्रं बरीच आहेत.

सांजवात

पात्रं आहेत आणि अभिनय उत्तम आहे. रिटा कॉनर्स झालेल्या लिआ पर्सेल, रुबी झालेल्या रॅरिवी हिक, डोरीनच्या भूमिकेत शरीना क्लँटन. पण मालिकेचा सगळा डोलारा कैद्यांच्या सत्तास्पर्धेवर आणि हिंसेवर उभा आहे. एखादा भाग तोडून दाखवलात तर मागचा-पुढचा धागा लागत नाही आणि लक्षात राहते ती मारामारी. मूळ प्रश्नात जे नको म्हटलंय तेच पदरात पडेल.

आंबेमोहर

मेक्सिको कोणीच घेतलं नाही. मोरेलोस राज्यातल्या अत्लाचोलोआया तुरुंगात मानववंशशास्त्रज्ञ आयदा एर्नांदेस यांच्या लेखन-कार्यशाळांतून कैदी बायकांचा एक गट तयार झाला, त्यांनी स्वतःची प्रकाशनं काढली. त्याच बायकांसोबत कारोलिना कोराल यांनी दोन गोष्टी केल्या: ‘सेमियास दे ग्वामूचिल’ हा माहितीपट आणि ‘आमोर, नुएस्त्रा प्रिसियोन’ हा छोटा ॲनिमेशनपट. दुसरा फारच उपयोगी. काही मिनिटांचा आहे, बायकांचे खरे आवाज आणि वर चित्रं, त्यामुळे चेहरे उघडे पडत नाहीत. विषय प्रेमाचा: ज्या माणसासाठी तुरुंगात आलो त्याच्याविषयी आता काय वाटतं. स्पॅनिश असल्याने सबटायटल लागणारच, पण मजकूर थोडा आहे.

चर्चेसाठी यासोबत हासिंता फ्रान्सिस्को मार्सियल यांचं प्रकरण मांडा. केरेतारो राज्यातल्या ओतोमी या आदिवासी समाजातल्या बाई, 2006 मध्ये अटक, सहा केंद्रीय पोलिसांचं अपहरण केल्याचा आरोप, 21 वर्षांची शिक्षा. त्यांना तेव्हा स्पॅनिश नीट येत नव्हती आणि दुभाषा मिळाला नाही. 2009 मध्ये सुटल्या, 2017 मध्ये सरकारी वकिलातीने जाहीर माफी मागितली. पावरी किंवा भिल्ली बोलणाऱ्या घरातल्या मुलांना यावर वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तापीकाठ

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. म्हणजे पहिल्या दिवशी ‘हिअर आय ॲम’, दुसऱ्या दिवशी ॲनिमेशनपट आणि ‘कन्व्हिक्शन’. आता दोन अडचणी. हक्कांचं काय करायचं? आणि आपल्याकडच्या आदिवासी स्त्री-कैद्यांशी हे जोडायचं कसं?

निळावंती

हक्क आणि सबटायटल यांचं मी सांगते.

कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला सूट आहे, पण प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच. गावात पोस्टर लावलंत, बाहेरच्यांना बोलावलंत की ती सूट गेली. स्ट्रीमिंगचं वैयक्तिक खातं हा वेगळा करार असतो, त्यात सामूहिक प्रदर्शनाला बहुधा मनाई असते. शिवाय ऐन वेळी ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी येऊ शकते. म्हणून निर्मात्याला किंवा वितरकाला मेल करा. संस्थेचं नाव, तारीख, प्रेक्षकसंख्या, तिकीट नाही, प्रदर्शन एकदाच, इतकं स्पष्ट लिहा. त्याच मेलमध्ये संवादांची वेळनोंद असलेली फाइल आणि मराठी सबटायटल करायची परवानगी मागा.

फाइल आली की ‘सबटायटल एडिट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. वेळा आयत्या मिळतात, फक्त मजकूर बदलायचा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत 35 ते 40 अक्षरं, पडद्यावर निदान दीड सेकंद. मराठी वाक्य लांबतं, म्हणून शब्दाला शब्द लावू नका, बोलणं आटोपशीर करा. नव्वद मिनिटांच्या कथापटात हजाराच्या आसपास तुकडे निघतात. चार-पाच जणींत वाटले तरी शेवटचा हात एकीनेच फिरवावा, नाहीतर करेन अर्धा वेळ शहरी आणि अर्धा वेळ खानदेशी बोलेल.

फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर वापरा आणि फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरी निवडा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला लावू नका. बऱ्याच जुन्या यंत्रांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते. तसंच लावावं लागणार असेल तर ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमने सबटायटल चित्रात कायमचे उमटवून घ्या, अर्थात परवानगी असेल तरच.

हिमरेषा

आपल्याकडच्या जोडणीबद्दल. 2015 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने तुरुंगात चित्रीकरणावर कडक अटी घालणारी सूचना काढली, एक लाखाची अनामत त्यात आहे. आतून केलेले माहितीपट आपल्याकडे सहजासहजी का होत नाहीत याचं हे एक कारण. त्यामुळे भारतीय चित्रपट ओढूनताणून बसवण्यापेक्षा चर्चेतच तुलना करा. कच्चा कैदी जामीन मिळूनही आतच का राहतो (जामीनदार आणि सातबारा कोण आणणार)? मुलाखतीला यायला एसटीचं भाडं किती पडतं? आईसोबत मूल सहाव्या वर्षापर्यंतच राहू शकतं, मग पुढे ते कुठे जातं? आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याच्या भाषेत समजावून सांगायची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 279 मध्ये होती, नव्या कायद्यातही ती आहे. ती भिल्ली बोलणाऱ्या बाईसाठी प्रत्यक्षात कोण पाळतं? मुलांना हे प्रश्न घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी बोलायला लावा, शक्यतो दुसऱ्या दुपारच्या आधी.

ओवी_अभंग

आणखी दोन गोष्टी. ऑस्ट्रेलियन चित्रपटांच्या सुरुवातीला मृत व्यक्तींचे चेहरे किंवा आवाज असू शकतात अशी सूचना अनेकदा येते. ती पळवून पुढे जाऊ नका, मराठीत वाचून दाखवा. ॲबोरिजिनल समाजांत मृतांचं नाव-रूप समोर आणण्याबाबतचे निर्बंध पाळले जातात.

दुसरं, 40 मुलांच्या वर्गात कुणाचा भाऊ, कुणाची आई आत असू शकते. आदल्या दिवशीच विषय सांगून ठेवा, दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, उठून जाणाऱ्याला कारण विचारू नका. चर्चेत ‘तुमच्या घरी असं कुणी आहे का’ हा प्रश्न तर मुळीच नको. करेनला त्या निवाऱ्यात आल्यापासून कोणकोणत्या कचेऱ्यांत, कुणाकुणासमोर उभं राहावं लागलं याची यादी गटांत करायला द्या. बोलणं तिथून आपोआप सुरू होतं.

तापीकाठ

मेल आजच करते. वेळनोंद मिळाली नाही तर निळावंती, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करेन. ऐकून वेळा बसवायला किती वेळ लागतो?

निळावंती

सराव नसेल तर दहा मिनिटांच्या चित्रपटाला दोन-तीन तास धरा. ॲनिमेशनपट त्यासाठी घ्या, तिथे हात बसेल. ‘हिअर आय ॲम’ मात्र वेळनोंदीशिवाय हाती घेऊ नका. ॲबोरिजिनल इंग्रजीचे उच्चार पटकन कळत नाहीत, आणि चुकीचं ऐकलेलं वाक्य पडद्यावर गेलं की ते तसंच खरं धरलं जातं.