स्लॅबच्या घरात उन्हाळ्याची रात्र कशी काढावी?

प्रश्न (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा):
गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही कवेलूंचे मातीचे घर उतरवून स्लॅबचे घर बांधले. जुन्या घरात रात्री झोप लागत असे. येथे मात्र अकरा वाजतासुद्धा भिंतीला टेकल्यास पाठ भाजते आणि ७४ वर्षांची आई रात्रभर तळमळत असते. नळाला तीन दिवसांआड पाणी येते. शहरातील मंडळी कित्येक वर्षांपासून स्लॅबखाली राहत आहेत. ती काय उपाय करतात?

प्रतिसाद (नागपूर):
दादा, काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री ती खोलीत सोडते, म्हणून संध्याकाळी खोली थंड करण्याच्या खटाटोपापेक्षा स्लॅब तापूच न देणे अधिक महत्त्वाचे आहे. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि दरवर्षी होळीनंतर गच्चीला चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात देतो. कूलर लावल्यास तो खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी असू द्या, कारण बंद खोलीत दमटपणा साचतो व अंगावरचा घाम वाळत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली की कूलरचा फारसा उपयोग राहत नाही.

प्रतिसाद (ब्रह्मपुरी):
तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या घराला कूलर परवडणार नाही. आम्ही गच्चीवर बल्ल्या टाकून हातभर उंचीवर तुराट्यांचे ताटवे तारेने घट्ट बांधतो. ऊन ताटव्यांवर अडते आणि मधून वारा खेळतो. वाळलेल्या तुराट्या लगेच पेट घेतात, त्यामुळे चूल त्यांच्यापासून दूर असावी.

प्रतिसाद (अकोला):
छताइतकीच आईंची काळजी घ्या. वयोमानाने तहान कमी जाणवते, म्हणून पाणी हवे का असे न विचारता पेला हातातच द्यावा. गेल्या मे महिन्यात माझे वडील दुपारी असंबद्ध बोलू लागले, तेव्हा ते झोपेत बरळत आहेत असे समजून आम्ही अर्धा तास घालवला. अंग मात्र कोरडे आणि तापलेले होते. असे दिसताच अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व तत्काळ दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. तुराट्या धुऱ्यावर रचलेल्याच आहेत, उद्या सकाळी गच्चीवर चढवतो. आईची खाट आज अंगणात, निंबाखाली टाकली आहे.