कलांचोला पानंच पानं, कळी एकही नाही

गॅलरीतली_बाग:
नर्सरीतून आणलेला लाल कलांचो फेब्रुवारीपर्यंत भरभरून फुलला. नंतर फुलं वाळली, झाड वाढलं, पण आता डिसेंबर आला तरी कळी नाही. खालची पानं पिवळी पडून मऊ होताहेत. पुणे, पूर्वेची गॅलरी, सकाळी तीन तास ऊन. कुंडी नर्सरीचीच, पाणी एक दिवसाआड. रात्री गॅलरीतला दिवा अकरापर्यंत चालू असतो. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) दर आठवड्याला देते. अजून कोणतं खत देऊ?

कुंडीकर:
खत नको, आधी दिवा बंद करा. कलांचो मोठ्या रात्रीचं झाड आहे. सलग तेरा-चौदा तास अंधार, तोही पाच-सहा आठवडे रोज मिळाला तरच कळी धरते. आपल्याकडे डिसेंबरची रात्र तेवढी असतेच, म्हणून उघड्या गच्चीवरची झाडं काही न करता फुलतात. तुमची रात्र मात्र अकराला सुरू होते. मध्यरात्री पाच-दहा मिनिटं दिवा लावला तरी गणित बिघडू शकतं.
दिवा बंद करणं शक्य नसेल तर संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, सकाळी आठला काढा. फटींतून उजेड येत नाही ना ते बघा. खोकं काढलं की झाड लगेच उन्हात, दिवसभर सावलीत ठेवून उपयोग नाही. साधारण सहा आठवड्यांनी शेंड्यावर बारीक हिरव्या कळ्यांचा झुबका दिसला की खोक्याची गरज संपली. फुलं उमलायला त्यानंतरही महिना-दीड महिना जातो.

माती_आणि_वाळू:
दिव्याचं पटलं, पण मऊ पिवळी पानं ही वेगळी तक्रार आहे, ते जास्त पाणी. नर्सरीवाले निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावतात. वरून कोरडं दिसतं, आत मुळांशी गच्च ओलं. झाड बाहेर काढा. मुळं पांढरी, कडक असतील तर ठीक. तपकिरी असून ओढल्यावर साल हातात येत असेल तर कुजली आहेत, कापून टाका.
मिश्रण: दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग जुनं शेणखत, मूठभर नीमपेंड. मातीची पाच इंची कुंडी पुरे. मोठ्या कुंडीत माती वाळतच नाही. मुळं कापली असतील तर चार दिवस पाणी नको. एरवी बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी, तेही मातीत. पानांवर नको, ओली राहिलेली पानं कुजतात. थाळीत साचलेलं ओतून टाका.

गॅलरीतली_बाग:
धन्यवाद दोघांनाही. झाड लांबट झालंय, आताच छाटू का? आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी दिसतंय.

कुंडीकर:
आता छाटू नका, कळी शेंड्यावरच येते. फुलं संपली की दांडे खालच्या दोन-तीन पानांच्या जोड्यांपर्यंत उतरवा. शेवटची खुडणी ऑगस्टअखेर. छाटलेले तीन इंची शेंडे दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग ओलसर वाळूत खोचा. ताजा काप लगेच ओल्या मातीत गेला की कुजतो.
कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड. कानकोरण्याच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा बघा. पिल्लं राहतातच, आणि मुळांशीही असू शकतात, त्यामुळे कुंडी बदलताना नीट पाहा. १९:१९:१९ आता बंद. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि हा ढेकूण तिथेच जमतो.

माती_आणि_वाळू:
घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानं-फुलं दोन्ही त्यांना विषारी, फुलं जास्तच.