गच्चीवर कुंडीत टोमॅटो: कोणता वाण?

दांडियाबाजारकर: बडोद्यात गच्चीवर दुपारपर्यंत ऊन येतं. 12 इंची कुंड्या रिकाम्या आहेत. सासूबाईंना सारासाठी आंबट टोमॅटो हवेत, लेकीला चेरी. काय लावू?

मातीतली मावशी: अगं, आधी झाड झुडपासारखं वाढतं की वेलासारखं, ते विचार, रंगीत पाकिटाला भुलू नकोस! रोमा हा वाण बुटका, झुडपासारखा, तुझ्या कुंडीत मावेल. चेरी बहुतेक उंच जातात. 15-18 इंची कुंडी, काठी नि सुतळी लागेलच. पानं आकसून वाटीसारखी वळत असतील तर 'अर्का रक्षक' बघ, बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा. पर्णगुच्छ (हेच पानं आकसणं), मर (झाड सुकून जाणं), करपा (पानांवर डाग पडणं), या तिन्ही रोगांना दाद देत नाही. मात्र संकरित आहे, घरचं बी धरलंस तर तसंच झाड येणार नाही.

दांडियाबाजारकर: आणि फळाचं बूड काळं पडतं ते?

मातीतली मावशी: ते पाण्याच्या हेळसांडीने. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बदाबदा, मग कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. ओल टिकायला कुंडीतल्या मातीवर पालापाचोळा पसर.

गच्चीवाला: बी ऑगस्ट-सप्टेंबरात टाका. पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात, मग वाण कुठलाही असो.