मदत हवी आहे : पर्यायी उपचारांच्या संशोधनावरचा सरकारी पैसा वाया गेला का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात वर्गात वादविवाद आहे आणि 'पर्यायी उपचारांच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा' ही बाजू माझ्या गळ्यात पडलीय. उदाहरण अमेरिकेचं घेतलंय. तिथल्या काँग्रेसने १९९१ मध्ये २० लाख डॉलर मंजूर केले आणि एनआयएच या तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत यासाठी एक छोटं कार्यालय निघालं. १९९८ मध्ये त्याचं केंद्र झालं. २०१४ मध्ये नावातला 'पर्यायी' शब्दच गेला!

गाडी अडलीय ती निकालांपाशी. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची चाचणी पंच्याहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवर कित्येक वर्षं चालली. २००८ मध्ये कळलं, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) काही टळत नाही. ग्लुकोसामाइन या सांधेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळीच्या चाचणीत गुडघेदुखीचे १,५८३ रुग्ण होते. एकंदरीत फारसा फरक नाही, पण नुसती डमी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही ६० टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या. माझ्या मते हाच माझा हुकमाचा पत्ता आहे. तुलनेला दुसरा गट नसता तर गोळीचा केवढा उदोउदो झाला असता! आणि जिचं पेटंट मिळणं अवघड, अशा वनस्पतीवर एवढा खर्च कोणती कंपनी करेल?

कीलेशनचं, म्हणजे शिरेतून औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढण्याच्या उपचाराचं, मात्र काय करू? हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १,७०८ जणांवरच्या या चाचणीला डॉक्टरांनी आधी नावं ठेवली. २०१३ मध्ये थोडा फायदा दिसला, मधुमेहींमध्ये जास्त. म्हणून फक्त मधुमेहींवर पुन्हा चाचणी झाली, तर २०२४ मध्ये फायदा गायब. समोरचे म्हणतील, "मुळात शक्यताच कमी होती, दोनदा पैसे घातले." याला काय उत्तर द्यावं?

भरीस भर म्हणजे हे केंद्र उभं करण्यात पुढाकार घेणारे सिनेटर टॉम हार्किन यांनीच २००९ मध्ये तक्रार केली, की इथे उपचार खरे ठरवण्यापेक्षा खोटे ठरवण्याचंच काम जास्त होतंय. हे वाक्य मी वापरू की समोरचे वापरतील याची वाट बघू?

आणखी एक बाळबोध शंका : गोळीची डमी समजते, पण अ‍ॅक्युपंक्चरची डमी कशी करतात?

---

प्रतिसाद : शेवटच्याचं सांगतो. बोथट टोकाची सुई असते, दाबली की स्वतःच्याच दांड्यात सरकते. टोचल्यासारखं वाटतं, आत जात नाही. पण सुई लावणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, हा मुद्दा समोरचे काढतीलच. हार्किनचं वाक्य तुम्हीच आधी वापरा. निकाल मनासारखे आले नाहीत तरी केंद्राने ते छापले, हे त्यातूनच दिसतं.

धागाकर्ती : अरे वा, हे सुचलंच नव्हतं! कीलेशनवर कुणी बोला ना.